सईच्या स्पेलिंगचा कागद

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहासोबत टाइमपास म्हणून वाचले आहेत आणि त्यांना हसलेही आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, सतरा वर्षं झाली. जे दोनदा घडवून दाखवता येत नाही ते मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. माझ्या सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मी तिथून उठून जाते. हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगत होते मी, गेल्या जानेवारीपर्यंत...

आम्ही सिंगापूरला पासिर रिसमध्ये राहतो. नवरा, मी आणि नऊ वर्षांची सई. माझी आई तेव्हा टोरांटोला मंदारकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे होती. सहा महिने त्याच्याकडे झाले होते, आता माझी पाळी होती. (पाळी! आईच्या बाबतीत हाच शब्द वापरायचो आम्ही. असो.)

निघायच्या आदल्या आठवड्यात मंदारचा फोन आला. "ताई, आई हल्ली खूप विसरते गं. परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेली."

मी म्हटलं, "नाटकं आहेत तिची. तुम्ही दोघं ऑफिसला जाता, ती एकटी पडते, दुसरं काय?"

तिकीट व्हिएन्नामार्गे होतं आणि तिथे अकरा तासांचा लेओव्हर. मंदार म्हणत होता, थोडा उशिरा पण सरळ प्रवास करू दे. ऐकेन तर मी कसली! आयुष्यभर कराड आणि आमची दोन घरं यापलीकडे काही न बघितलेली बाई, अकरा तास नुसती खुर्चीत बसून काय करणार? बघू दे की युरोप! मीच हट्टाने तिचा व्हिसा काढायला लावला. माझी कॉलेजातली मैत्रीण मेघना तिथे राहते, तिला गळ घातली. मग एक्सेल शीट केली. साडेआठला मेघना एअरपोर्टवर भेटणार, नऊला ट्रेन, मग लाल ट्रॅम, राजवाडा, कॉफी, केक, चारला परत. आईला फोनवर तीनतीनदा घोकून घेतलं. "आई, लाल ट्रॅम लक्षात ठेव हां. लाल ट्रॅममध्ये बसायचंय." ती आपली "हो गं, लाल ट्रॅम, लाल ट्रॅम" करत होती.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. आमच्याकडे दुपारचे तीन म्हणजे तिथे सकाळचे आठ. आई उतरल्याचं ॲपवर दिसलं, मी निवांत झाले. साडेचारला आईला फोन लावला — झालं का फिरणं सुरू? फोन मेघनाने उचलला, आणि ती रडत होती.

"अगं, मला यायला तासभर उशीर झाला. लेकाला ताप होता... इथे ट्रॉली आहे, बॅगा आहेत, पर्स आहे. काकू नाहीत."

पर्समध्ये फोन. पर्समध्येच मंदारने लिहून दिलेली चिठ्ठी. आईच्या गळ्यातल्या पिशवीत पासपोर्ट तेवढा होता. बाहेर उणे तीन. तिला इंग्रजी येत नाही, जर्मनचा तर प्रश्नच नाही, आणि आमचा कोणाचा नंबर तिला पाठ नाही.

पुढचा तास मी काय केलं ते सलग आठवतही नाही. मेघना पोलिसांना बोलवतेय, पोलीस मला फोनवर विचारताहेत, मी सांगतेय. नाव, वय एकाहत्तर, चॉकलेटी साडी, वर राखाडी कोट, फ्लाइट नंबर अमुक, संध्याकाळी सात, सिंगापूर. तोच फ्लाइट नंबर मी त्या तासात वीस वेळा तरी म्हटला असेन. मंदार तिकडे पहाटे उठून बसलेला. तो एकदाच म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं तुला." मग तोही रडायला लागला. मला रडूसुद्धा येईना. डोक्यात एकच — हे मी केलं. मी!

आणि अशात मोबाइलवर रिमाइंडर वाजला. "सहा वाजता — T3 — डबा."

हे थोडं सांगायला हवं. आम्ही एअरपोर्टजवळ राहतो, त्यामुळे इथल्या मराठी ग्रुपवर कोणाचे आईवडील लेओव्हरला अडकले की डबा घेऊन जायचं काम माझं, असा अलिखित नियमच झालाय. त्या दिवशी पर्थच्या एका प्राजक्ताला मी शब्द दिला होता. तिच्या सासूबाई पहिल्यांदाच एकट्या मुंबईहून पर्थला निघाल्या होत्या, चांगीला, म्हणजे आमच्या एअरपोर्टवर, बराच वेळ थांबायचं होतं. टर्मिनल तीन, अरायव्हल हॉलमध्ये खांबाजवळ बसतील, जांभळी साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज. सकाळीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून डबा भरून ठेवला होता.

नवरा म्हणाला, "अगं वेडी आहेस का? आज कसलं जातेस? कळव त्यांना."

पण घरात बसवत नव्हतं. भिंती खायला उठल्या होत्या. मी डबा उचलला, टॅक्सी केली आणि गेले.

बाई खांबापाशीच होत्या. जांभळी साडी, पांढरे शूज. आता खरं सांगते, मला त्यांचा चेहरा आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही. माझे डोळे सारखे मोबाइलवर होते. आठवतात ते त्यांचे हात. मी नमस्कार करायला वाकले तर त्यांनी माझा हात धरला आणि मी दचकलेच, इतके गार!

"थंडी फार आहे गं इथं," त्या म्हणाल्या.

"एसी असतो ना मावशी," मी म्हटलं.

डबा उघडून पुढे ठेवला तर त्या नुसत्या बघत राहिल्या. कसं खायचं हेच विसरल्यासारख्या. मग मला काय झालं कोण जाणे... मी दशमीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्यांच्या तोंडापाशी नेला. "एवढा एक घास खा मावशी. प्रवासात पोट रिकामं नको." त्यांनी खाल्ला. मग दुसरा. अख्खी दशमी मी त्यांना भरवली, तोंड पुसलं. सख्ख्या आईला मी कधी असं भरवलेलं नाही. तिच्या आजारपणातसुद्धा ताट पुढे ठेवून मी लॅपटॉपवर बसायची.

"लिहिलेला कागद हरवला बघ माझा," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

आता पहिल्यांदा निघालेली बाई, कागदाशिवाय कशी सोडायची? मी पर्स चाचपली. सईच्या शाळेतला स्पेलिंग टेस्टचा कागद हाती लागला. दहापैकी सात, वर टीचरने चिकटवलेला कासवाचा स्टिकर. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं — मला इंग्रजी येत नाही, मला माझ्या विमानापर्यंत पोहोचवा. खाली फ्लाइट नंबर, वेळ, माझा मोबाइल नंबर. पर्समधली सेफ्टी पिन काढली आणि पदराला कागद नीट लावून दिला. डबा त्यांच्याच मांडीवर ठेवला.

"आता कुणालाही हा दाखवा. घाबरायचं नाही."

"तू कुठं निघालीस?"

"माझी आई हरवलीय हो मावशी," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. त्यांनी त्या गार हाताने माझ्या गालाला हात लावला.

परतीच्या बसमध्ये दोन स्टॉप गेले असतील. पोलिसांचा मेसेज आलाय का बघत होते, आणि एकदम लक्षात आलं. मी त्या कागदावर काय लिहिलं? पर्थची फ्लाइट मला माहीतच नव्हती! मी त्यांना विचारलंच नव्हतं! तासभर घोकलेला आईचा फ्लाइट नंबर, आईची वेळ आणि "सिंगापूर" लिहून बसले होते मी!

म्हणजे आता दोन म्हाताऱ्या हरवणार, दोन्ही माझ्यामुळे.

उतरले, समोरची बस पकडली, टर्मिनलमध्ये अक्षरशः धावत गेले. खांबापाशी कोणी नव्हतं. डबाही नव्हता. अख्खा हॉल पालथा घातला, टॉयलेट बघितली, काउंटरवर विचारलं. साडेसात वाजले. मी तिथेच जमिनीवर बसले. जाणारे येणारे बघत होते, बघू देत म्हटलं. आजपर्यंत कधी देवापुढे हात जोडले नव्हते. तेव्हा मात्र म्हटलं — बाबा रे, जो कोणी असशील तो, माझी अक्कल काढून घे, नोकरी घे, पण त्या दोघींना पोहोचव.

फोन वाजला. नंबर ऑस्ट्रियाचा.

एक बाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत होती. ती ट्रॅम चालवते. शेवटच्या स्टॉपला एक म्हातारी उतरतच नाहीये, कोटाच्या आत साडीला कागद लावलाय, त्यावर हा नंबर आहे.

"कागदावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. माझीच वाक्यं. माझी घाईतली चूकसुद्धा, प्लीज दोनदा लिहिलेलं.

मी मेघनाला तिथे पाठवलं. चाळीस मिनिटांत आई तिच्या गाडीत होती. मंदारला कळवलं, नवऱ्याला कळवलं, आणि मग भीतभीत पर्थला फोन लावला. मी "सॉरी" एवढंच म्हटलं तर प्राजक्ताच बोलली, "ताई, तुमच्या आईंचं ग्रुपवर कळलं हो. सापडल्या का? आणि सॉरी काय म्हणता, अशा वेळी कोण येऊ शकणार! सासूबाईंनी सातपर्यंत वाट बघितली, मग एका गुजराती फॅमिलीबरोबर आत गेल्या. आता गेटवर आहेत."

"अगं, मी आले होते! मी त्यांना भरवलं!"

ती जपून म्हणाली, "त्या म्हणतात, कोणीच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. घरी आल्यावर मी तिचा कोट काढला. पदराला पिनेने लावलेला कागद, चुरगळलेला, एका कोपऱ्याला चटणीच्या तेलाचा डाग. मी तो उलटा करायच्या आधीच सईने ओढून घेतला. "Mama! That's my spelling lah! Why Aaji got my spelling?"

दहापैकी सात. कासव.

नवऱ्याने दोन दिवस डोकं चालवलं. म्हणे तू मंदारला पाठवला असशील. अहो, टेस्ट सोमवारी झाली होती, कागद मंगळवारी घरी आला, आणि आई बुधवारी विमानात! डबा मात्र आजतागायत सापडलेला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "ती पोरगी होती ना, तिनं लावला कागद. दशमी भरवली मला. गुणाची होती. तिची आई हरवली होती बिचारीची."

आता वर्ष होत आलं. मंदार खरं बोलत होता, नाटकं नव्हती ती. आई आमच्याकडेच असते, आता पाळी वगैरे काही नाही. ती मला ओळखत नाही. मला "अहो ताई" म्हणते, माझ्या हातचं खात नाही, ताट सरकवून देते. मंदार तिला आठवत नाही, आमचे बाबाही आठवत नाहीत. आठवते ती फक्त एअरपोर्टवरची पोरगी. रोज दुपारी विचारते, "अहो ताई, ती येणार होती ना आज?" मी शंभरदा सांगून पाहिलं — आई, ती मीच गं. ती माझ्याकडे नीट बघते आणि मान हलवते. नाही म्हणते. रडून रडून थकले मी.

खुलासा माझ्याकडे नाही. तो कागद फाइलमध्ये आहे, अक्षर माझं आहे, यापलीकडे मला काही सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, पण हसू नका.

एवढंच सांगते की हल्ली मी दुपारी दशमी करते, डब्यात घालते आणि फ्लॅटबाहेर जाऊन दार ओढून घेते. मिनिटभर कॉरिडॉरमध्ये उभी राहते, डोळे पुसते, मग बेल वाजवते. बहुतेक दिवशी आतून आवाजच येत नाही. पण कधीतरी, महिन्यातून एकदा दोनदा, दार उघडतं आणि आई माझा हात धरते. तिचे हात आता गरम असतात.

"आलीस होय गं?" ती म्हणते. "सापडली का तुझी आई?"