काउंटरमागचा एकताल

अण्णा मगदूमांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानात कुणीच दिसेना. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आमच्या गाण्याच्या बाईंनी निरोप देऊन पाठवलं होतं. मी हाक मारली, तर काउंटरच्या मागून आवाज आला, "पावणं, वाईच थांबा. सम आली की वर येतो." आणि खरंच, ग्रीसच्या डब्यांमागून आधी टक्कल, मग मिशा, मग पैलवानी खांदे असा एकेक करत सगळा माणूस उगवला, माझ्याकडे बघून हसला आणि परत खाली गेला. आता निरोप सांगायचा कुणाला? मी डब्यांनाच सांगितला.

अण्णा बैठका काढत होते. टेपवर विलंबित एकताल लावलेला आणि एका आवर्तनात एक बैठक. "लय नुसती डोक्यात ठिवून भागत न्हाय, मांडीत उतराय पायजे," हे त्यांचं म्हणणं. मांडीत उतरली का ते मला माहीत नाही, पण गिऱ्हाइकं मात्र बरीच उतरली. नटबोल्ट घ्यायला आलेला माणूस समेपर्यंत कशाला थांबेल?

अण्णांचं गाव शहराशेजारचं गडमुडशिंगी, घर जैन शेतकऱ्याचं. वडील शेत सोडून दुकानाच्या गादीवर बसून बसून पन्नाशीच्या आत हार्टनं गेले. अण्णांनी पस्तिशी गाठली तेव्हा डॉक्टरनं दम भरला, की अंग हलवा, नाहीतर तुम्हीही त्याच वाटेनं जाल. अण्णा घाबरले आणि तालमीत गेले. इथवर ठीक होतं. पण त्याच वर्षी देवीच्या उत्सवात कुणाचंतरी गाणं ऐकलं आणि हा गडी खुळावला. पैलवानी अंग घेऊन आमच्या क्लासात, शाळकरी मुलींच्या रांगेत, मांडी ठोकून बसू लागला. मी तिथं पेटी वाजवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी 'सा' लावला तेव्हा माझ्या पेटीवरचं फडकं हललं, असं मी अजून सगळ्यांना सांगते.

घोळ झाला तो पहाटेचा. तालमीचे वस्ताद म्हणत, पहाटेशिवाय मेहनत नाही. बाई म्हणत, पहाटेशिवाय खर्ज नाही. आणि पहाट बिचारी एकच. अण्णा आधी तालीम उरकून धावतपळत यायचे. कानात तांबडी माती, जोर काढून बोटं अशी थरथरायची की तंबोऱ्याच्या तारांनाच कापरं भरायचं. शिवाय वाटेत म्हशी पिळणाऱ्या मावशींच्या कट्ट्यावर थांबून धारोष्ण दूध प्यालेलं, त्यामुळे गळ्यात साय. बाई कपाळाला हात लावायच्या. मी म्हटलं, "अण्णा, संध्याकाळी या की." तर म्हणाले, "संध्याकाळी कसलं? आमचं जेवाण दिवस मावळायच्या आत. भरल्या पोटानं तान घेतली तर तान येईल का ढेकर, ह्याची ग्यारंटी कोण देनार?"

शेवटी बाईंनी सुनावलं, "मगदूम, दोहोंपैकी एक सोडा." अण्णांनी मान खाली घातली. "बाई, तालीम सोडली तर मी मरतोय. गाणं सोडलं तर जगून तरी काय करू? तुमीच सांगा." बाईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या गुरूंच्या पुण्यतिथीला बडा ख्याल मांडा. दम पुरला, लय सुटली नाही, तर दोन्ही करा. नाहीतर माझा उंबरा चढू नका."

त्यानंतर या माणसानं जे केलं त्याला तोड नाही. गावाहून येताना फटफटीवर खर्ज लावायला सुरुवात केली. म्हणे, इंजिनाचा सूर पेटीच्या काळी एकला जुळतो. दुधाच्या कट्ट्यावरच्या मावशींनी तक्रार केली, की ह्या बाबाच्या आवाजानं म्हस पान्हा चोरतीया. तालमीत पोरं मालिश करायची तेव्हा हे पालथे पडून आलाप करायचे. वस्तादांनी डोक्यावर हात मारून घेतला, पण अडवलं नाही.

पुण्यतिथीला पुढची सतरंजी सगळी तालमीनं भरली होती. बाई स्वतः तंबोरा घेऊन अण्णांच्या मागे बसल्या. आणि अण्णा काय गायले! दम कुठे तुटेना. एक लांबलचक तान घेऊन ते असे नेमके समेवर आले, की त्या आनंदात त्यांना आपण कुठे बसलोय याचं भानच उरलं नाही. त्यांनी मांडीवर कडाडून शड्डू ठोकला.

तबलजीचा हात जागीच थांबला. सतरंजीवरची पोरं "नादखुळा, अण्णा!" म्हणत उठली आणि त्यांनी उलट शड्डू ठोकले. मागच्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मीही हसले, दोन सूर चुकवले. पण अण्णांचा चेहरा बघितला आणि माझं हसू मावळलं. ते हात जोडून उठायला लागले होते. "चुकलं बाई. माझी ही जागा न्हवं."

बाईंचा तंबोरा थांबला नव्हता. "खाली बसा," त्या म्हणाल्या. "सम बरोबर आली होती. द्रुत राहिलीय."

अण्णांनी अख्खी द्रुत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून गायली. टाळ्या कितीतरी वेळ वाजत होत्या, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर ते बाहेर पायरीवर बसून राहिले. बाई आल्या तसे उठून पाया पडले. "बाई, आता उंबरा बंद न्हवं?"

खर्जाची पहाट अंगात ताप असतानाही बाईंनी कधी चुकवली नव्हती, कुणासाठी ती पुढे ढकलली नव्हती. त्या म्हणाल्या, "अण्णा, तालीम सुटली की ये. मी थांबते."

एवढा थोरला माणूस, पायरीवर मटकन बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. तालमीची पोरं कावरीबावरी होऊन बघत राहिली.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "घसा बसेल."