पाणी द्यायला आलेली बाई

नौबादला माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, आधार, पेन्शनचे अर्ज, असली कामं. ज्याचा अंगठा मशीनवर उठत नाही असं एखादं माणूस रोज येतंच. मग सगळे सांगतात तेच मीही सांगतो: कपाळाला घासा, केसांत फिरवा, जरा तेलकट होऊ द्या, परत ठेवा. माणूस घासतो, ठेवतो, मशीन लाल होतं. पुरुष असला तर मी त्याचा अंगठा धरून काचेवर नीट दाबून देतो. गवंड्याच्या हाताखाली काम केलेली बाई असली तर मी उठून पाणी प्यायला आत जातो आणि पोऱ्या बघून घेतो. बायकोला वाटतं मला शुगर झाली आहे, म्हणून सारखी तहान लागते. वाटू दे.

मांजरा नदीचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी मी कानडी मुलखातल्या, भालकीकडच्या एका मराठी गावाच्या पंचायतीत कंत्राटी नोकरीला होतो. पाणी तीन दिवस थांबलं आणि उतरताना पांढऱ्या मातीची निम्मी घरं घेऊन गेलं. सरकारनं वरच्या माळावर प्लॉट पाडून दिले, घरं बांधायचं ठरलं, आणि मजुरीची हजेरी लिहायचं काम माझ्याकडं आलं. हजेरीचा तो कागद म्हणजे मस्टर. गावात माझा रुबाब होता. मस्टरवर नाव असलं तर पैसे, नसलं तर नाही, आणि पेन माझ्या खिशात.

नियम वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. रोख पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, मजुरी थेट खात्यात, खातं आधारला जोडलेलं. रोज सकाळी कामाच्या जागेवर सगळ्यांना उभं करून मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोवर वेळ आणि जागा आपोआप उमटायची. आणि बाईला गड्याइतकीच मजुरी. आमच्याकडं बाईला आजवर कुणी गड्याच्या बरोबरीनं पैसे दिले नव्हते. पहिले पैसे जमा झाले तेव्हा बायका पासबुक उलटंपालटं करून बघत होत्या. मलाही बरं वाटलं होतं, जसं काही मीच खिशातून दिले.

मजुरांच्या टोळीत एका घरातल्या दोघी जावा होत्या. नावं लिहीत नाही. थोरली आणि धाकटी म्हणू. थोरली चाळिशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. वीस वर्षं गवंड्यांच्या हाताखाली वाळू, चुना, सिमेंट कालवलेली बाई. कामावर येताना लुगड्यावरून नवऱ्याचा निळा शर्ट चढवायची, बाह्या मनगटापर्यंत, कॉलरचं बटण लावलेलं. आमच्याकडं रोजावर जाणाऱ्या बायका असंच करतात, हात सोलून निघू नयेत म्हणून. तिला एकच मुलगी. ती बसवकल्याणला वसतिगृहात राहून शिकत होती. धाकटीला तेव्हा दोन महिन्यांचं तान्हं होतं, ती घरीच असायची.

थोरलीचा अंगठा उठत नव्हता. खातं कधीचं बंद पडलेलं, ते चालू करायला अंगठा हवा. अंगठा नवा नोंदवायला कागद हवेत, आणि कागद तर मांजरा घेऊन गेलेली. दोन आठवडे तिनं काम केलं, तिचं नाव मी मस्टरवर लिहिलं, पण पैसे मध्येच कुठंतरी अडकून पडले. एका दुपारी ती हात पुढं करून माझ्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, दिवसभर ह्योच हात दगड उचलायलाय. मग मशीनच न्हाई कामून म्हनायलीय?"

मी हसलो. हसण्यासारखंच बोलायची ती. आणि मग मी तिला मार्ग सांगितला. तो मीच सांगितला, तिनं मागितला नव्हता.

आमच्या गावांत रोजगाराची एक जुनी रीत आहे. मुकादम सांगून जातो: उद्या तुमच्या घरची एक बाई पाठवा. कोणती, ते विचारत नाही. थोरली आली तरी घरची बाई, धाकटी आली तरी घरची बाई. एकीचं बाळंतपण असलं की दुसरी तिच्या जागी जाते, आणि पैसे घरात येतात. खुरपणीला, रस्त्याच्या कामाला, सगळीकडं हेच. मी त्याच रीतीत वाढलो होतो, त्यामुळं मस्टर लिहितानाही मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. धाकटीचं खातं चालू होतं, अंगठाही उठत होता. म्हटलं, अक्का, उद्यापासून तुमच्या जावेचं नाव लिहितो, काम तुम्ही करा, पैसे घरातच येतील. अशा आणखी चार बायका मी तशाच बसवल्या. फोटोत डोकी मोजली जायची, चेहरे कोण बघतो.

सकाळी मी मस्टर वाचायचो. धाकटीचं नाव आलं की थोरली मान खाली घालून लाजल्यासारखं करायची आणि बारीक आवाजात म्हणायची, "व्हय." बायका फिदीफिदी हसायच्या. "बघा की वो अण्णा, नवी नवरी आली!" रोज तोच विनोद, आणि रोज सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. पैसे जमा झाले की धाकटी बँकेतून काढून जसेच्या तसे थोरलीच्या हातात ठेवायची. त्या दोघींमध्ये कधी एका शब्दाची बोलाचाली झाल्याचं मी ऐकलं नाही.

माळावर पाया भरायला दगड कमी पडू लागला. इंजिनिअर साहेबांनी तोंडी सांगितलं, खाली पडक्या घरांचा दगड आहे, तो उचला, खर्च वाचेल. लिहून काही दिलं नाही. बायका खाली जुन्या गावात जाऊन भिंतींतला दगड काढू लागल्या. पाणी उतरून महिना झाला होता, वरून भिंती कोरड्या ठणठणीत दिसत होत्या. आत मात्र माती ओलीच होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर पांढऱ्या मातीच्या घरातच जन्मलेला.

त्या दिवशी सकाळी नऊला मी फोटो काढला. अकराच्या सुमाराला भिंत पडली. आवाज फारसा झाला नाही, धुरळा उठला एवढंच. आम्ही हातांनी माती उपसली. थोरलीचा निळा शर्ट आधी दिसला. भालकीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

कामावर मेलेल्या मजुराच्या घरच्यांना पैसे मिळतात, तसा नियम आहे. मुलीचं सगळं शिक्षण पार पडलं असतं इतके. फक्त मजूर त्या दिवशी मस्टरवर हवा. मस्टरवर धाकटी होती, आणि धाकटी लेकराला पाजत जिवंत बसली होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेब आले. पंचायतीत मला समोर बसवलं आणि कागदावरची नजर न उचलता कानडीत विचारलं, ही बाई मस्टरवर नाही, मग ती तिथं काय करत होती? त्या प्रश्नातच उत्तराला जागा करून ठेवलेली होती. दगड काढायचा हुकूम त्यांचा होता आणि तो कुठं लिहिलेला नव्हता. नावं बदलायची करामत माझी होती. मी खरं बोललो असतो तर पाच बायकांची मजुरी परत वसूल झाली असती, हे अगदी खरं. गेली काही वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. पण त्या खुर्चीवर बसलो असताना पहिल्यांदा आठवली ती माझी नोकरी. बायका नंतर आठवल्या.

मी म्हणालो, "पाणी द्यायला आली असेल, साहेब."

त्यांनी 'असेल' काढून टाकलं आणि लिहिलं: पाणी देण्यासाठी आली होती.

तो कागद कानडीत होता. घरच्यांना मराठीत सांगायचं कामही माझ्यावरच आलं, कारण गावाचं मराठी आणि ऑफिसचं कानडी यांच्या मध्ये नेहमी मीच असायचो. थोरलीच्या दारात वीसेक माणसं बसली होती. मी कागद हातात धरून एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. पाणी द्यायला आलती, असं मी माझ्या तोंडानं दुसऱ्यांदा म्हणालो. टोळीतल्या बायका खाली बघत होत्या. त्यांना त्यांच्या मजुरीची भीती होती आणि ती भीती मीच त्यांच्या कानात घातली होती. धाकटी पदर तोंडात कोंबून रडत होती. मुलगी रडत नव्हती. बसवकल्याणला ती कानडी शाळेत शिकली होती. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, स्वतः वाचला, घडी घालून परत दिला.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. मस्टरवर धाकटीचं नाव सलग होतं, ते अपघाताच्याच दिवशी तुटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून तिसऱ्याच दिवशी मी धाकटीला कामावर बोलावलं. ती आली, लेकरू बाभळीखाली झोळीत ठेवलं आणि रांगेत उभी राहिली. थोरली उभी राहायची त्याच जागी. मी मस्टर वाचायला लागलो. तिचं नाव आलं.

"व्हय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. आवाज धाकटीचा होता, नाव धाकटीचं होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन्ही एका बाईचं होतं, आणि मला मात्र वाटलं की रांगेत कुणीतरी खोटं बोललं. मी मान वर करून बघितलं नाही. तिथून पुढं घरं पूर्ण होईपर्यंत रोज सकाळी ते नाव मला वाचावं लागलं, आणि रोज ते वाचायच्या आधी माझा घसा सुकायचा. बायको म्हणते त्या माझ्या शुगरची सुरुवात तिथं आहे.

वर्षभरानं मी नोकरी सोडली, नौबादला दुकान टाकलं. एक दिवस थोरलीची मुलगी दुकानात आली. अंगानं आईसारखीच रुंद. म्हणाली, "अण्णा, आईचा एक बी फोटो न्हाई आमच्याकडं. पुरात गेले सगळे. नव्या घरात भिंतीला लावायचाय. तुमी रोज सकाळी काढायलतात की. असंल की एखादा?"

एखादा नव्हता. सगळेच होते. दोन मोबाइल बदलले तरी ते आपोआप माझ्या मागं आले होते. त्यांत शेवटचाही होता, त्या सकाळचा: नऊ वाजताचा, पडक्या भिंतीपुढचा, खाली कोपऱ्यात वेळ, तारीख, जागा. डावीकडून तिसरी थोरली, हातात पहार. इतर सकाळच्या फोटोंत ती मान खाली घालून हसत तरी असायची नाहीतर कुणाच्या तरी मागं असायची. ह्या एकातच ती सरळ समोर बघत होती.

म्हटलं, उद्या ये, बघून ठेवतो. रात्रभर नाही, दहा मिनिटांत काम झालं. वेळ कापली, जागा कापली, भिंत, पहार, बाकीच्या बायका, कमरेखालचं सगळं कापलं. फक्त चेहरा ठेवला आणि मागं निळा रंग भरला. छान प्रिंट काढून लॅमिनेट करून दिली. पैसे घेतले नाहीत, जसा काही मोठा उपकारच केला.

तिनं फोटो बराच वेळ बघितला. मग कॉलरवर बोट ठेवलं. कॉलर मला कापता आली नव्हती, हनुवटीला चिकटून होती.

"अण्णा," ती म्हणाली, "नुसतं पाणी द्यायला जाताना आई अप्पांचा शर्ट कामून घालील?"

मी पावतीबुक उघडलं, बंद केलं. ती थांबली होती.

"पूर्ण फोटो द्या मला. भरपाईच्या अर्जाची मुदत हाय अजून, मी विचारून आलेय."

"डिलीट झाला," मी म्हणालो.

तिनं फोटो पिशवीत घातला आणि गेली. दारातून तिची पाठ बघताना मला तिला हाक मारायची होती. मी मारली नाही. नोकरी सोडलेली होती, साहेब बदली होऊन गेलेले होते, मला भ्यायला आता काहीच उरलेलं नव्हतं, तरी भ्यालो. एवढा भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मुदत संपायची तारीख मला पाठ होती. ती जवळ आली तेव्हा रोज मोबाइल काढायचो, फोटो उघडायचो, ठेवून द्यायचो. तारीख गेली. आणि मग, त्या फोटोनं आता काहीही होणार नव्हतं तेव्हा, मला धीर आला. आठ दिवसांनी मी तिला तो फोटो पाठवला. कापलेला नाही, सबंध. खाली लिहिलं: माझ्याकडंच होता. आई त्या दिवशी कामावर होती. नाव मी बदललं होतं, आणि पाणी द्यायला आली होती हे मीच सांगितलं होतं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मी दुकानात बसून राहिलो. शिव्या येतील, पोलीस येतील, निदान फोन येईल, यातलं काहीही आलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, एका ओळीचं.

"मिळाला, अण्णा. ह्यात आईचे पाय पण दिसायलेत."