कच्चं की धारोष्ण

मदिना मुल्लाणी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, आणि पेठेचा आवाज तिनं कुठं गेली तरी खाली घेतला नाही. अकरा वर्षं ती आरोग्याच्या पाहण्यांसाठी गावोगाव फॉर्म भरते. एकही खूण खोटी नाही. एका पोरीनं घरी बसून चाळीस फॉर्म भरले, तर हिनं तिला चाळीसही घरं पुन्हा फिरायला लावली. मदिनाचे फॉर्म तपासायचं काम माझं.

सध्याचं संशोधन भारत, नॉर्वे आणि केनिया या तीन देशांचं मिळून आहे. विषय, गुरांकडून माणसाला लागणारा ताप. तो महिनोन्‌महिने येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि डॉक्टर टायफॉईडची औषधं देत बसतात. आमच्या फॉर्मात पाचवा प्रश्न असा: ‘आपण कच्चे दूध पिता का?’ होय म्हणाल तर रक्त घ्यायचं, नाही म्हणाल तर नमस्कार करून निघायचं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, समजावून सांगायचा नाही, हा नियम.

राधानगरीकडच्या एका वाडीत जोतीराम भेटला. दावणीला तीन म्हशी, अंगात चार महिन्यांचा ताप, कंबर धरलेली. पाचवा प्रश्न ऐकून तो खवळलाच.

“कच्चं दूध प्यायला म्या काय मांजर हाय व्हय?”

मदिनानं ‘नाही’वर खूण केली. तेवढ्यात त्याची बायको शालूबाई म्हशीखालून उठली आणि फेसाळलेला तांब्या तिनं नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो बसल्या जागी रिकामा केला. हे कच्चं नव्हे, धारोष्ण. आमच्याकडं याला कच्चं म्हणणं हा दुधाचा अपमान. एकशे साठ घरांत एकही माणूस कच्चं दूध पीत नव्हता, आणि सगळ्यांच्या मिशांना फेस होता!

मदिना तणतणत माझ्याकडं आली. एक शब्द बदला, एवढंच तिचं म्हणणं. मी मेल केला. उत्तर आलं, शब्द बदलायचा तर तिन्ही देशांच्या समित्यांची मंजुरी हवी. नॉर्वेत सुट्ट्या लागल्या होत्या. दिल्लीच्या समितीनं ‘धारोष्ण’चं इंग्रजी करून घेतलं, ते झालं कोमट दूध. मग केनियानं विचारलं, तापवलेल्या दुधात धोका कसला? मी कपाळाला हात लावला. शेवटी तिथल्याच एका गुरांच्या डॉक्टरला ते उमगलं. त्यांच्या गुराख्यांतही त्या दुधाला वेगळाच शब्द आहे म्हणे.

तोवर मदिना दर सोमवारी मला धारेवर धरायची. जोतीराम झिजत चालला होता. या तापाची तपासणी जवळपासच्या लॅबमध्ये होत नव्हती, आणि तालुक्याचा डॉक्टर टायफॉईड सोडायला तयार नव्हता.

सात महिन्यांनी मंजुरी आली. नव्या फॉर्मात छापलं होतं, ‘आपण धारोष्ण दूध पिता का?’ दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं वाडीवर गेलो. जोतीराम खाटेवर होता. मदिनानं प्रश्न वाचला.

“पीत हुतो की,” तो म्हणाला. “आता म्हसरं कुठं हायत? हिला एकटीला झेपंनात, इकली.”

‘पिता का’, म्हणजे आत्ता. म्हणजे नाही. मला त्या कागदाची चीड आली. ‘पीत होता का’ छापायचं तर पुन्हा तीन समित्या, पुन्हा सात महिने, आणि हा माणूस तेवढा टिकेल असं वाटत नव्हतं. मदिनानं माझ्याकडं बघितलं. मी रिकाम्या दावणीकडं नजर वळवली.

तिनं ‘होय’वर खूण केली, इतकी दाबून की कागद फाटला. मग त्याची बाही वर सारली.

“दादा, मूठ आवळा.”

फॉर्म माझ्या टेबलावर आला. मी सही केली. रक्तात तोच ताप निघाला, औषध सुरू झालं, आणि दोन महिन्यांत जोतीराम चालत दूध संस्थेच्या कट्ट्यापर्यंत जाऊ लागला. नवा शब्द चांगला उपयोगी पडला, असा अभिनंदनाचा मेलही आला.

मदिना मात्र माझ्यावर अजून चिडून आहे. खोटी खूण आपण स्वतः केली, पण ती पकडायचं काम तुमचं होतं, असं ती म्हणते. पकडली असती तर जोतीरामचं काय झालं असतं, हे मात्र ती मला विचारू देत नाही.