रसिकाचा उजवा खांदा

मेट्रोच्या खांबांची रांग मागं पडली, रस्ता रुंद झाला, तरी रसिकानं थैली काही उजव्या हातात घेतली नाही. निघाल्यापासून सुखदाताई तेच बघत होत्या. तेलाची बाटली, नारळ, रुईच्या पानांचा हार, सगळं डाव्या हाताला लोंबत होतं, आणि उजवा हात आपला पोटाशी धरलेला.

"दे इकडे ती थैली."

"असू द्या हो ताई. जड कुठंय?"

"हात दुखतोय का?"

"झोपेत अवघडला असेल."

मागच्या शनिवारी हिनं सांगितलं होतं, मेट्रोतला दांडा लागला. त्याआधी बाथरूमचं दार. एकाच खांद्याला माणसाचं किती काही लागावं?

दर शनिवारी सकाळी या दोघी दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीतून निघून, तीन सेक्टर ओलांडून, मारुतीला चालत जात. सुखदाताई ताडमाड उंच आणि काटकुळ्या. रसिका बुटकी, रुंद, पायांत जोर असलेली. गेटवरचा वॉचमन एकदा म्हणाला होता, "सीढ़ी और ड्रम साथ में निकले." सुखदाताईंनी त्याला झापलं, रसिका मात्र पोट धरून हसली. ती कराडची, कॉलेजात कबड्डी खेळलेली. नवरा हणमंत सरकारी खात्यात, इतकं मऊ बोलणारा की लिफ्टमध्ये नमस्कारसुद्धा ऐकू येऊ नये. त्यांचं घर सुखदाताईंच्या बरोबर डोक्यावर.

आणि संशयाला सुरुवात तिथूनच झाली होती. संध्याकाळी वरून धप्प असा आवाज यायचा. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून हणमंतचा आवाज, "तयार? परत?" पुन्हा धप्प. आणि रसिकाचं "आई गं!" चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिचा पदर सरकला, तर खांद्यावर हा एवढा काळानिळा डाग. वर ती सांगायची, नोएडाला कॉम्प्युटरचं काम करते. कॉम्प्युटरचं काम करणारी बाई पिशवीत गुडघ्याचे पट्टे घालून कशाला नेईल? मऊ बोलणाऱ्यांचाच भरवसा नसतो, हे सुखदाताईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

नुसतं पक्कं करून त्या थांबल्या नव्हत्या. कधीतरी मसाला मागवायला रसिकानंच भावाचा नंबर दिलेला. परवा त्यांनी त्या ज्ञानोबाला फोन लावला, "हणमंत मारतो तिला. येऊन घेऊन जा." आज संध्याकाळच्या गाडीनं तो निजामुद्दीनला उतरणार होता. रसिकाला याचा पत्ता नव्हता. भाऊ दारात उभा राहण्याआधी हिच्याच तोंडून खरं निघावं, एवढ्यासाठी सुखदाताई आज चालत होत्या.

देवळात रसिकानं घंटा डाव्या हातानं वाजवली. उजवा हात वर न्यायला गेली आणि अर्ध्यावरच तोंड वाकडं झालं. सुखदाताईंनी मारुतीला तेल वाहिलं, डोळे मिटले, पण रामाचं नाव काही नीट येईना. दर्शन घेऊन दोघी प्रसादाच्या बुंदीचे द्रोण घेऊन बाहेरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "मारतो का गं हणमंत तुला?"

"कोण? हे?" रसिकाला ठसका लागला. "अहो, हे झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात."

"मग वर धपधप काय चालतं? आई गं कोण म्हणतं?"

रसिकाचं हसू थांबलं. "खाली ऐकू जातं?"

पकडली, सुखदाताईंना वाटलं.

रसिकानं इकडंतिकडं बघून फोन काढला. "कुणाला सांगणार नसाल तर दाखवते."

पडद्यावर एक उजाड शहर होतं आणि त्यात इमारतींएवढी तीन लोखंडी माणसं. पोरांची गेम. नोएडात बनते, म्हणाली, मी तिथंच जाते. एक यंत्र विजेच्या खांबासारखं उंच, एक चारपायी, एक बसकं, रांजणासारखं. तिघांच्या खांद्यावर सारखीच तोफ. उंचाची उडाली आणि ते मागं कलंडलं. धडपडत सावरेपर्यंत नेम गेला. चारपायी कलंडलं नाही, पण आख्खं मागं घसरलं.

"आता हा बघा."

बसक्याची तोफ उडाली. गुडघे वाकले, कंबर खाली बसली, डावी टाच जराशी बाहेर वळली, धक्का जमिनीत जिरला. मग त्यानं उजवा खांदा एकदा झटकला.

सुखदाताईंनी चष्मा सारखा केला. पाण्याचा मोठा कॅन उचलताना अशीच टाच वळायची, खाली ठेवला की खांदा असाच झटकला जायचा.

"अगं, ही तर तू!"

"मीच. अंगभर टिकल्यांचा घट्ट कपडा घालतात, खांद्याला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला वाळूची गोणी. गोणी सोडली की बसला झटका! अंग कसं सावरतं ते कॅमेरे टिपतात, मग ते यंत्र तसंच हलतं. ज्याची ठेवण जशी, तसा त्याला धक्का बसतो ना. पट्ट्याचं बक्कल इथं रुततं. घरी हे उशीनं धक्के देतात, सराव म्हणून. मी पडले की धप्प."

"आणि एवढं लपवायचं कशाला?"

"मला बघायला आलेलं पहिलं स्थळ म्हणालं होतं, मुलगी आहे की कणगी. आता त्याच अंगाचा पगार मिळतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? त्यात तो घट्ट कपडा. सासूबाईंना कळलं तर?"

पटत होतं, तरी किडा वळवळतच होता. व्हिडिओ काय, कसलाही दाखवता येतो. सुखदाताई उठल्या. "ढकल मला."

"इथं?"

"ढकल म्हणते ना!"

रसिकानं डाव्या हातानं ढकललं आणि सुखदाताई तोल जाऊन पार चपलांच्या ढिगापर्यंत गेल्या. परत येऊन त्यांनी, दुखरा खांदा सोडून, तिला दोन्ही हातांनी रेटलं. ती जरा खाली बसली, टाच वळली. जागची हलली नाही.

"आंटीजी, मंदिर में लड़ाई मत करो!" फुलवाली ओरडली.

रसिका हसायला लागली. सुखदाताईंना मात्र हसू येईना. त्यांनी मारुतीकडं एकदा पाहिलं.

"रसिका, ज्ञानोबा येतोय. आज संध्याकाळी. मीच बोलावलंय. म्हटलं, हणमंत मारतो."

रसिका पायरीवर बसली.

"दादा विचारणार नाही हो, ताई. आधी ह्यांच्या अंगावर जाईल."

"मी आत्ता फोन करून सांगते."

"म्हणेल, तुम्हाला कुणीतरी दम दिलाय."

"मग तू बोल."

"मी बोलले तर नवऱ्याला पाठीशी घालतेय म्हणेल. तुम्ही तरी माझं कुठं ऐकलंत? हातानं रेटून बघितलंत तेव्हा पटलं." तिनं बुंदीचा द्रोण तसाच बाजूला सरकवला. "एक कराल? स्टेशनवर तुम्हीच जा. वर आमच्याकडं येऊ देऊ नका, आधी तुमच्या घरी न्या. चहा द्या, हा व्हिडिओ दाखवा. आणि नाहीच पटलं, तर मला हाक मारा. मी खाली येते. तुमच्यासमोर त्याला म्हणेन, दादा, ढकल मला. फक्त ह्यांच्यावर असा आळ आला होता, हे ह्यांना कळू देऊ नका, ताई."