एक्केचाळिसावा व्हॉल

अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना एक गाव लागतं. नाव सांगत नाही. गावकऱ्यांना आवडणार नाही. तिथं पाणी सोडायचं काम एकवीस वर्षं सूर्यभान गावंडे करतो. सकाळी व्हॉल, म्हणजे पाइपांचे व्हॉल्व्ह, फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघतो. कोणत्या आळीत पाणी पोचलं, हे त्याला बायकांच्या आवाजावरून कळतं. "पाणी आलं का भांडण थांबते," हे त्याचं शास्त्र.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीहून रागिणी नावाची इंजिनिअर आली. तिला गावाच्या नळयोजनेचं डिजिटल ट्विन करायचं होतं.

"म्हणजे खोटं गाव?"

"खोटं नाही काका, जुळं. खऱ्या पाइपांवर मीटर बसवायचे. इथे जे घडतं ते लॅपटॉपवरही दिसतं, आणि जे घडायला हवं तेही. कारखान्यात यंत्रांचं असं जुळं करतात. मोठ्या दवाखान्यात हृदयाचंसुद्धा."

"हृदयाचंबी? मंग बायकोले कोन्तं द्या लागते?"

रागिणी हसली. गावात व्हॉल किती, तिनं विचारलं. सूर्यभान म्हणाला, चाळीस.

होते एक्केचाळीस.

एक्केचाळिसावा त्याच्या सासूच्या, जाईबाईच्या अंगणात होता, सीताफळाजवळ, फरशीखाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायको सुभद्रा रुसून गावातल्याच माहेरी जाऊन बसली, तेव्हा जाईबाईनं अट घातली होती: "जवाईबापू, आमच्या आळीले पोटभर पाणी येईन, तवा पोरगी येईन." सूर्यभाननं मुख्य पाइपाला गुपचूप एक फांदी काढली आणि तिच्यावर हा व्हॉल बसवला. सुभद्रा परतली, आणि पुंजाजीची वरची आळी कोरडी पडली. पुंजाजी त्याचा जिवाचा सोबती. त्याला सूर्यभाननं सांगून ठेवलं, "तुही आळी चढावर हाय बॉ. पाणी काय बकरी हाय, चढाले?" पुंजाजीनं ते मानलं आणि खालून घागरी वाहत राहिला.

जुळ्या गावानं ते मानलं नाही. पडद्यावर निळी रेघ पुंजाजीच्या आळीत आरामात चढत होती. खऱ्या मीटरवर काटा हलत नव्हता. टाकीतून निघालेलं पाणी वाटेत हरवत होतं, रोज तेवढंच. रागिणीनं जागा शोधली: जाईबाईचं अंगण. "इथे गळती आहे. गुरुवारी जेसीबी लावू."

बोललं तर पुंजाजी तुटतो, न बोललं तर सासूचं अंगण फुटतं. दोन दिवस सूर्यभान लॅपटॉपाभोवती घुटमळला.

"याच्यात जाईबाई दिसते का?"

"माणसं नसतात यात, काका."

"तरीच इतकं शांत हाय."

गुरुवारी जेसीबी अंगणाशी येऊन गुरगुरला. बघ्यांत पुंजाजीही होता. लोखंडी दात सीताफळाच्या मुळाशी टेकले, तसा सूर्यभान आडवा आला.

"खोदू नका. गळती नाई. व्हॉल हाय. म्या बसवला."

बाकी सगळं त्यानं एका दमात सांगितलं. पुंजाजीनं गर्दीतून विचारलं,

"म्हणजे माही आळी चढावर नाई?"

"हाय. पन पाणी चढते."

"एकवीस वर्सं मी घागरी वाहून राहिलो, अन् तू मले बकऱ्या सांगून राहिला!" लोक खदखदून हसले. पुंजाजी हसला नाही.

रागिणीनं लॅपटॉपवर तो व्हॉल घातला आणि बंद केला. निळी रेघ वर सरकली. "आता खरा बंद करा, काका."

खऱ्या व्हॉलवर जाईबाई खाट टाकून बसली होती. "कर बंद. पन ठरलं ते ठरलं. पोरगी इथंच ठेव."

सूर्यभाननं चावी खांद्यावरच ठेवली. गर्दीतून सुभद्रा पुढं आली. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरची चावी काढून घेतली.

"माय, सरक. तुह्या नातीचं लगन ठरून राहिलं अन् तू मले अजून माहेरी आणते?"

कुरकुरत जाईबाई उठली. खाट हलवायला पुंजाजी पुढं झाला. दुसरं टोक सूर्यभाननं धरलं. पुंजाजीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नीट धर," एवढंच म्हणाला.