कालचा मासा, गुरुवारचं पत्र

समुद्रकाठच्या स्ट्राउमविक गावाचं साप्ताहिक बंद पडलं, तेव्हा गुडवेग हेलेस्नेस सत्तरीची होती आणि तिच्या माळ्यावर सव्वीस वर्षांची कात्रणं पडून होती. दर आठवड्याला ‘खिडकीतून’ या सदरात तिने अख्ख्या गावाची खरडपट्टी काढली होती. कुणाची बोट किनाऱ्यावर कुजतेय, कुणी आपल्या दारातला बर्फ शेजाऱ्याच्या अंगणात लोटला, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटायचं नाही. गाव चिडायचं, पण वाचायचं. आता मात्र तिची टोमणेबाजी ऐकायला घरात एक केटली तेवढी उरली होती.

गावचं वाचनालय सांभाळणारा तोरलेव तिचा शाळेतला सोबती. त्याला हे बघवेना.

“अगं, ईमेलने गावाला पत्र पाठव. दर गुरुवारी.”

“आणि लिहू काय? डोकं पार रिकामं झालंय माझं.”

“नवीन कोण मागतंय तुझ्याकडे? माळ्यावर खोकी भरून आहेत ना! कापाकापी कर, एका लेखाची तीन पत्रं होतील.”

“म्हणजे लोकांना शिळं वाढू?”

“कालच्या उकडलेल्या कॉडचं तू आज काय करतेस?”

काल उरलेला मासा, बटाटे, कांदा आणि दुधातला पांढरा रस्सा हे सगळं एकत्र कालवून गुडवेग जे करायची, ते खायला लोक ताजा मासा सोडून यायचे.

मग ती कामाला लागली. फेरीबोटीवरच्या नऊ तक्रारींतून एक झणझणीत पत्र निघालं. एका लांबलचक लग्नाच्या वर्णनातून नवरदेवाच्या घट्ट बुटांची पाचच वाक्यं उचलली, आणि लोक हसून बेजार झाले. वाचक एकेचाळीस होते ते पानगळीपर्यंत तीनशेवर गेले. बर्गन शहरात स्थायिक झालेली मंडळी, अमेरिकेतली नातवंडं, सगळी नाव नोंदवायला लागली. तोरलेव दर शुक्रवारी आकडा सांगायला यायचा, आणि गुडवेग दर वेळी एकच विचारायची, “बोर्गहिल्डचं नाव आलं?”

“नाही गं.”

बोर्गहिल्ड ब्रेक्हुस तिची बालमैत्रीण, कुंपणापलीकडची. चौदा वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होता एक केक.

झालं असं, की त्या वर्षी मे महिन्यात ग्रामसभेच्या घराला रंग द्यायचा दुग्नाड होता. दुग्नाड म्हणजे सगळ्या गावाने एकत्र येऊन फुकट राबायचा शनिवार. इथे माणूस चर्चला नाही गेला तरी चालतं, पण दुग्नाड चुकवणाऱ्याकडे लोक वर्षभर तिरक्या डोळ्यांनी बघतात. त्या शनिवारी बोर्गहिल्ड आली नाही, तिने नुसता केक पाठवला. गुडवेगने पुढच्या अंकात लिहिलं, ‘केक भिंत रंगवत नाही.’ नाव घातलं नव्हतं, पण केक कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाव पोट धरून हसलं. त्या शनिवारी बोर्गहिल्डचा नवरा मॅग्नार अंथरुणाला खिळला होता आणि त्याने कुणालाही सांगू दिलं नव्हतं, हे गुडवेगला कळलं ते त्याच्या अंत्ययात्रेत. शरमेने तिची मान वर होईना. माफी मागायला ती तीनदा कुंपणापर्यंत गेली आणि तीनदा परत फिरली.

एप्रिलमध्ये तोरलेव म्हणाला, “आता ते केकचं पाठव. तुझं सगळ्यात गाजलेलं पान ते! एका दिवसात शंभर नवीन वाचक येतील, बघ.”

“आणि बोर्गहिल्ड?”

“ती कुठे वाचतेय!”

गुडवेगने कात्रण काढलं. वाचताना तिला दोनदा हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. लेख झकास होता, हीच तर पंचाईत होती. शेवटी तिने तो जसाच्या तसा उतरवला, एक शब्द न गाळता. खाली मात्र भर घातली: ‘हे मी लिहिलं तेव्हा बोर्गहिल्ड आपल्या नवऱ्याला चमच्याने पाणी पाजत होती. त्यातून वेळ काढून तिने आपल्यासाठी केक केला. मी तो खाल्ला, दोन तुकडे, आणि घरी येऊन हे लिहिलं. बोर्गहिल्ड, माझं चुकलं.’

पत्र गेलं. शुक्रवारी तोरलेव नाचतच आला. आकडा पाचशेच्या पुढे! गुडवेगने नेहमीचा प्रश्न विचारला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “नाही.”

मे महिन्यात पुन्हा दुग्नाड आला. गुडवेग सकाळी नऊलाच ब्रश घेऊन दक्षिणेकडच्या भिंतीपाशी उभी. बाकावर तिने स्वतः केलेला केक होता, मधोमध खचलेला. मागून कुणीतरी रंगाची बादली आणून ठेवली.

“हा केक तू केलास?”

गुडवेगने वळून पाहिलं. बोर्गहिल्ड होती, हातात रुंद ब्रश.

“हो.”

“याने भिंत रंगेलही एखादवेळेस. खाता मात्र यायचा नाही.”

गुडवेगला हसावं की रडावं कळेना. “तुला… पत्र कुणी दाखवलं?”

“दाखवतंय कोण? मॅग्नारच्या ईमेलच्या पत्त्यावर येतं ना. तो पत्ता मी कधी बंदच केला नाही.” बोर्गहिल्डने ब्रश रंगात बुडवला. “पहिल्या गुरुवारपासून वाचतेय. जुनं एकेक काढत होतीस. म्हटलं, कधी ना कधी माझ्या केकपर्यंत येशील.”