हाफ टाइम

शिवणकामावर घर उभं केलेल्या आजीची परदेशातल्या लेकीकडची नात फुटबॉलवेडी, पण तिला मराठीचा गंध नव्हता. व्हिडिओ कॉलवर दोघी नुसत्या हसायच्या. शेवटी आजीने शिलाई मशीन टीव्हीसमोर ओढलं आणि सामने बघत खेळाचं इंग्रजी घोकलं.

"आई, मैदानात उतरणार की काय?" मुलगा म्हणाला.

"उतरले तर तुला राखीव बाकावर बसवीन!"

मग नातीचा गुडघा दुखावला. आता खेळ संपलाच, म्हणून ती कॉलवर ढसाढसा रडू लागली. घोकलेल्या शब्दांनी आजीला ऐन वेळी दगा दिला. एकच हाती लागला.

"हाफ टाइम!" आजी दरडावून म्हणाली. "ओन्ली हाफ टाइम!"

रडणं थांबलं. "सेकंड हाफ... यू कमिंग, आजी?"

"येस!" म्हणून आजी मुलाकडे वळली. "बघतोस काय? पासपोर्ट काढ माझा!"